अर्धी पोकळ, पण सूर पक्का

घरात गिटार शिकणारे मूल असले की दोन-तीन वर्षांनी एक मागणी हमखास येते. वाढदिवसाला किंवा दहावीच्या निकालावर घेऊन दिलेली साधी लाकडी गिटार आता पुरत नाही, 'इलेक्ट्रिक' हवी, असे मुलगा किंवा मुलगी सांगते. वडील महिन्याच्या हिशेबाकडे पाहतात, आई परीक्षेच्या वेळापत्रकाकडे, तर आजोबांना शेजाऱ्यांच्या झोपेची चिंता पडते. तेवढ्यात मोबाइलवरचे एक चित्र पुढे येते. रुंद अंगाची, गडद लाल रंगाची, व्हायोलिनसारख्या दोन नागमोडी खाचा असलेली देखणी गिटार! हिला 'सेमी-हॉलो', म्हणजे अर्धपोकळ गिटार म्हणतात.

एके काळी ही गिटार परदेशी कलावंतांच्या हातातच पाहायची वस्तू होती. आता तिचे स्वस्त प्रकार भारतातल्या मोठ्या शहरांत सहज मिळतात. पण स्वस्त म्हणजे चाळीस-पन्नास हजारांचा विषय आहे आणि ती रक्कम मध्यमवर्गीय घराला लहान नाही. त्यातून वाद्य चुकीचे निघाले तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही. तारा फार उंच असलेल्या, सुरात न राहणाऱ्या गिटारीवर मूल महिनोन्‌महिने बोटे दुखवून घेते आणि शेवटी 'मला जमतच नाही' असे म्हणून वाद्य कपाटावर ठेवते. दोष असतो वाद्यात, आणि शिक्का बसतो मुलावर. म्हणूनच ही खरेदी डोळसपणे व्हायला हवी.

मधोमध बसवलेला ठोकळा

साध्या गिटारीचे पोट पूर्ण पोकळ असते. तार छेडली की वरची फळी थरथरते, आतली हवा हलते आणि आवाज मोठा होतो. ठोस इलेक्ट्रिक गिटारीत पोकळी नसतेच. तिथे तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असलेला 'पिकअप' असतो. पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात अगदी क्षीण विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याला मोठे रूप देतो.

या दोन्हींच्या मधली ही अर्धपोकळ गिटार. तिच्या अंगाच्या मधोमध, मानेपासून तळापर्यंत, लाकडाचा एक भरीव ठोकळा असतो आणि दोन्ही बाजूंचे पंख पोकळ असतात. हा ठोकळा का आला, त्यामागे एक मोठी अडचण होती. १९३६ साली अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने 'ईएस-१५०' ही विजेवरची पोकळ गिटार बाजारात आणली. चार्ली ख्रिश्चन या तरुण जॅझवादकाने तिचे नाव गाजवले. परंतु आवाज वाढवला की पोकळ गिटार किंचाळू लागे. गणेशोत्सवाच्या मांडवात माइक स्पीकरसमोर आला की जी कर्णकर्कश शिट्टी ऐकू येते, तोच हा प्रकार. स्पीकरचा आवाज गिटारीच्या पोटाला हलवतो, पोट तारांना हलवते, तारांचा आवाज पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो आणि हे चक्र थांबत नाही.

लेस पॉल या हरहुन्नरी वादकाने १९४० च्या सुमारास यावर एक तोड काढली. न्यूयॉर्कमधल्या एपिफोन कंपनीच्या कारखान्यात त्याने लाकडाच्या एका चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवले. ते गिटारीसारखे दिसावे म्हणून दोन्ही बाजूंना एका पोकळ गिटारीचे पंख जोडले. 'लॉग', म्हणजे ओंडका, हेच त्याचे नाव पडले. गिब्सनने त्या वेळी या कल्पनेत रस घेतला नाही. पुढे १९५८ साली, टेड मॅकार्टी कंपनीचे प्रमुख असताना, त्याच गिब्सनने 'ईएस-३३५' ही गिटार आणली आणि तिच्या पोटात असाच एक ठोकळा बसवलेला होता. जगातल्या बहुतेक सगळ्या अर्धपोकळ गिटारी आजही या एका गिटारीच्या वळणावर घडवल्या जातात.

या घडणीचा लाभ कानाला लगेच कळतो. पोकळ पंखांमुळे आवाजाला ऊब आणि मोकळेपणा येतो, तर ठोकळ्यामुळे सूर जास्त वेळ टिकतो आणि किंचाळणे आटोक्यात राहते. ब्लूज, जॅझ, जुन्या वळणाचे रॉक, भजनाची साथ, चित्रपटगीते असे सारे तिच्यावर शोभते. अतिशय कर्कश, दणदणाटी संगीत वाजवायचे असेल तर मात्र ठोस गिटारच बरी.

तीस डॉलरची ल्यूसिल

या घराण्यातल्या गिटारीचे सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे 'ल्यूसिल'. १९४९ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, ट्विस्ट नावाच्या गावी बी. बी. किंग हा तरुण ब्लूजवादक एका नाचघरात वाजवत होता. दोन माणसांची मारामारी झाली, उबेसाठी पेटवलेले रॉकेलचे पिंप उलटले आणि नाचघराने पेट घेतला. किंग बाहेर पडला आणि गिटारीसाठी पुन्हा आगीत शिरला. ती गिटार होती अवघ्या तीस डॉलरची! भांडण ल्यूसिल नावाच्या बाईवरून झाले होते, असे नंतर कळले. असा वेडेपणा पुन्हा करायचा नाही, ही आठवण राहावी म्हणून त्याने आपल्या प्रत्येक गिटारीला तेच नाव दिले. पुढे तो अर्धपोकळ गिटारीकडे वळला. ती किंचाळू नये म्हणून तो तिच्या खाचांत कापडाचे बोळे कोंबत असे. १९८० साली गिब्सनने त्याच्यासाठी त्या खाचाच नसलेली 'ल्यूसिल' काढली.

भारतीय कानांनाही पोकळ गिटार अनोळखी नाही. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेत पं. शिवकुमार शर्मांचे संतूर आणि पं. हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर पं. ब्रिजभूषण काबरांची गिटार आहे. पं. विश्वमोहन भट्ट यांची 'मोहन वीणा' हीदेखील कमानदार फळीच्या पोकळ गिटारीचेच बदललेले रूप. तिला घेऊन ते १९९४ साली ग्रॅमी पुरस्कारापर्यंत पोहोचले.

बाजारात काय मिळते?

गिब्सनची अमेरिकेत घडवलेली अस्सल ईएस-३३५ आजही काही लाख रुपयांना पडते. शिकणाऱ्या मुलासाठी तिचा विचार करण्याचे कारण नाही. परवडणाऱ्या गिटारींचे भाव साधारण तीस हजारांच्या आसपास सुरू होतात आणि साठ-सत्तर हजारांपर्यंत जातात. बहुतेक माल आयात केलेला असल्याने भाव वरखाली होत असतात. तेव्हा दोन-तीन दुकानांत विचारणा केलेली बरी.

एपिफोन ही मूळची गिब्सनची प्रतिस्पर्धी कंपनी १९५७ साली गिब्सननेच विकत घेतली. १९७० च्या दशकात तिचे उत्पादन पूर्वेकडच्या देशांत गेले आणि गिब्सनच्या नमुन्यांवरच्या स्वस्त गिटारी एपिफोनच्या नावाने निघू लागल्या. तिची 'डॉट' ही साधी, नखरे नसलेली गिटार बरीच वर्षे या वर्गातली नेहमीची निवड होती. जपानी कंपनी आयबानेझ हिची 'आर्टकोअर' मालिका २००२ पासून आहे आणि मानेचे काम हातात सुटसुटीत बसणारे असल्याने तरुण मुलांना ती आवडते. ग्रेच कंपनीची 'स्ट्रीमलाइनर' आणि फेंडर कंपनीच्या स्वस्त शाखेची, स्क्वायरची, 'स्टारकास्टर' याही याच रांगेत बसतात.

इथे एक गोम आहे. बाहेरून हुबेहूब दिसणारी प्रत्येक गिटार अर्धपोकळ असेलच असे नाही. एपिफोनची 'कॅसिनो' हे त्याचे ठळक उदाहरण. बीटल्सच्या जॉन लेननने ३० जानेवारी १९६९ रोजी लंडनमधल्या गच्चीवरच्या प्रसिद्ध मैफलीत वाजवली ती हीच. दिसायला ती ईएस-३३५ ची सख्खी बहीण, पण आत ठोकळा नाही. ती पूर्ण पोकळ आहे. आवाज गोड, मात्र अ‍ॅम्प्लिफायर वाढवला की लवकर किंचाळते. आयबानेझमध्ये 'एएस' अक्षरांची गिटार अर्धपोकळ, तर 'एएफ' अक्षरांची पूर्ण पोकळ असते. ग्रेचमध्ये 'सेंटर ब्लॉक' हे शब्द आहेत का ते पाहावे. दुकानदाराला स्पष्ट विचारावे, "आत मधला ठोकळा आहे का?" शंका असल्यास टॉर्च घेऊन खाचेतून आत पाहिले की ठोकळ्याची कड दिसते.

दुसरी एक गैरसमजूत प्लायवूडची. 'ही तर प्लायवूडची आहे' असे कुणी म्हटले की ग्राहकाचा चेहरा उतरतो. साध्या गिटारीत अखंड लाकडाची फळी चांगली, हे खरे. परंतु १९५८ ची मूळ ईएस-३३५ सुद्धा मेपल लाकडाचे थर चिकटवूनच केलेली होती. थरांची फळी मजबूत असते आणि कमी किंचाळते. तेव्हा या एका गिटारीच्या बाबतीत प्लाय हा दोष समजू नये.

दुकानात गेल्यावर

मुंबईत धोबी तलावजवळचे, १८६५ सालापासून चालत आलेले फुर्टाडोज, कोलकात्यात रवींद्र सरणीवरची वाद्यांची दुकाने, दिल्लीत दर्यागंज अशी ठिकाणे जाणकारांना परिचित आहेत. आपल्या शहरात असे दुकान असेल तर गिटार हातात घेऊनच निवडावी. मुलाच्या शिक्षकांना बरोबर नेता आले तर सोन्याहून पिवळे. रंग आणि चकाकी शेवटी पाहावी. आधी पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट, मान. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि जिथे मान अंगाला मिळते तिथल्या पडद्यावर एकदम दाबावी. मधल्या, म्हणजे सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत जेमतेम एखादे व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकी फट हवी. फट खूप मोठी असेल किंवा मुळीच नसेल तर मान वाकलेली आहे. मानेच्या आतली लोखंडी सळई फिरवून थोडा बाक काढता येतो, पण पीळ पडलेली मान घेऊच नये.

दुसरी, तारांची उंची. बाराव्या पडद्यावर जाड तार सुमारे दोन मिलिमीटर आणि बारीक तार दीड मिलिमीटर उंच असावी. त्याहून फार उंच तारा म्हणजे बोटांना शिक्षा. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहावी. कुठे झणझण होत असेल किंवा सूर मेल्यासारखा बसत असेल तर पडदे सारखे नाहीत असे समजावे. मानेच्या कडेवरून तळहात फिरवावा. पडद्यांची टोके टोचत असतील तर ती घासून घ्यावी लागतील.

तिसरी, सूर. तार बाराव्या पडद्यावर बरोबर अर्धी होते. तिथे बोट नुसते टेकवून काढलेला सूर आणि तार दाबून काढलेला सूर एकच आला पाहिजे. मोबाइलवरच्या फुकट ट्यूनरने हे चटकन कळते. थोडा फरक घोडीवरच्या स्क्रूने काढता येतो.

चौथी आणि या गिटारीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आतले वायरिंग. ठोस गिटारीच्या पाठीला झाकण असते; चार स्क्रू काढले की आतले सारे हाती येते. बहुतेक अर्धपोकळ गिटारींना असे झाकण नसते. बटण बदलायचे झाले तरी सगळे वायरिंग दोऱ्याला बांधून खाचेतून बाहेर ओढायचे आणि पुन्हा तसेच आत बसवायचे, असे जिकिरीचे काम असते. साहजिकच दुरुस्ती महाग पडते. म्हणून दुकानातच गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडून चारही गोल बटणे पूर्ण फिरवावीत, पिकअप बदलणारी कळ तिन्ही जागी नेऊन पाहावी. खरखर किंवा मध्येच आवाज जाणे चालणार नाही. वायर जिथे खोचतात त्या जागेची चकती हलत असेल तर तीही घट्ट करून मागावी.

पाचवी, अंगाची रुंदी. ही गिटार सुमारे सोळा इंच रुंद असते. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्याला ती अवघडते. मुलाने बसून आणि उभे राहून, पट्ट्यासह, दहा मिनिटे तरी वाजवून पाहावी. लहान चणीच्या मुलांसाठी काही कंपन्या याच घडणीच्या छोट्या अंगाच्या गिटारी काढतात.

सतार घेतली की तिची जवारी लावून घ्यावी लागते, हे मिरजेच्या कारागिरांकडे गेलेल्या प्रत्येकाला माहीत असते. स्वस्त गिटारीचेही तसेच. कारखान्यातून निघालेली गिटार हजारो मैलांचा प्रवास करून येते. जाणत्या कारागिराकडून मान, तारांची उंची आणि सूर एकदा जुळवून घेतले की तीच गिटार दुप्पट किमतीची वाटू लागते. याला 'सेटअप' म्हणतात. काही दुकानदार तो खरेदीबरोबर फुकट करून देतात. मागायला संकोच करू नये.

गिटारीबरोबरचा खर्च

गाय घेतली की दावेही घ्यावे लागते. ठरवलेल्या रकमेपैकी निदान चौथा हिस्सा बाकीच्या वस्तूंसाठी बाजूला ठेवावा. दहा-वीस वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घरासाठी भरपूर होतो. त्याला हेडफोन लावायची सोय असेल तर शेजारधर्मही सांभाळला जातो. शिवाय चांगली वायर, पट्टा, तारांचे दोन जादा संच हवेत. साध्या इलेक्ट्रिक गिटारीच्या पिशवीत ही रुंद गिटार मावत नाही आणि बहुधा पेटी सोबत मिळत नाही. पेटी वेगळी घ्यावीच, कारण पोकळ पंखांना धक्का लागला की चीर जाते.

अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी स्वतः पाहावी. गिटारीच्या तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याची बोटे सतत त्या जोडणीवर असतात. भिंतीतल्या प्लगाचे अर्थिंग नीट आहे याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. तीन पिनांच्या प्लगाची मोठी पिन काढून तो दोन पिनांच्या खोबणीत बसवण्याचा उद्योग कधीही करू नये.

या गिटारीचा फ्लॅटमधल्या कुटुंबाला एक मोठा फायदा आहे. पंख पोकळ असल्याने ती वीज नसतानाही हलक्या आवाजात ऐकू येते. खोलीत बसलेल्या मुलाला रियाजापुरती ती पुरते आणि बाहेरच्या खोलीत कुणाची झोपमोड होत नाही. ठोस गिटार मात्र वायर जोडल्याशिवाय जवळजवळ मुकीच असते.

पावसाळा आणि उन्हाळा

लाकूड हवेतला ओलावा पिते आणि सोडते. कोकणात, मुंबईत किंवा कोलकात्यात पावसाळ्यात लाकूड फुगते, मानेचा बाक बदलतो, तारा गंजतात. उलट नागपूर किंवा दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात बोटपट्टी आकसते आणि पडद्यांची टोके बाहेर येऊन टोचू लागतात. हवेतला ओलावा चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान राहिला तर गिटार खूश असते. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आणि गाडीच्या डिकीत गिटार कधीही विसरू नये. ऋतू बदलला की वर्षातून एक-दोनदा सेटअप तपासून घ्यावा.

बोटपट्टीच्या लाकडाबद्दलही प्रश्न विचारले जातात. पुष्कळ गिटारींची बोटपट्टी आपल्याकडच्याच शिसवीची असते. २०१७ साली या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आल्याने अनेक कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. त्यामुळे शिसवीऐवजी 'लॉरेल'सारखे लाकूड दिसले तर गिटार हलकी आहे असे मानू नये.

जुनी घ्यावी का?

जुनी गिटार निम्म्या-पाऊण किमतीत मिळू शकते आणि चांगले वाद्य वापराने बिघडत नाही. मात्र तीन गोष्टी तपासाव्यात. खुंट्यांच्या डोक्यामागे, जिथे मान मागे कलते, तिथे चीर किंवा चिकटवल्याची रेघ आहे का ते बोट फिरवून पाहावे. या घडणीच्या गिटारी पडल्या की तिथेच मोडतात. पडद्यांवर तारांनी खोल खाचा पाडल्या असतील तर पडदे बदलण्याचा खर्च किमतीतून वजा मागावा. आणि अव्वल कंपनीचे नाव असलेली गिटार फारच थोड्या पैशांत मिळत असेल तर नकली मालाची शंका घ्यावी. पावती नसलेली वस्तू नाकारण्यात कमीपणा नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो मुलाच्या आवडीचा. हौस खरी की मित्राच्या हातातली पाहून आलेली, हे घरच्यांना सहज कळते. जे मूल जुन्या, कडक तारांच्या गिटारीवर वर्षभर नेमाने बसले, त्याने आपली बाजू आधीच मांडलेली आहे. त्याला चांगले वाद्य द्यायला हरकत नाही. ज्याची गिटार अजून धूळ खात आहे, त्याला आधी त्याच गिटारीवर नव्या तारा चढवून, सेटअप करून द्यावी आणि तीन महिने वाट पाहावी. खर्च अगदी थोडा होतो. कित्येकदा वाद्य सुधारताच रियाज सुरू होतो. आणि मग तीन महिन्यांनी घरच्यांनीच दुकानाची वाट धरावी.